महिना हे माप नव्हे: सिम्युलेशनमध्ये तारखा आणि कालावधी कसे सांभाळावेत

३१ जानेवारीत एक महिना मिळवला तर कोणती तारीख येईल? कुणी २८ फेब्रुवारी म्हणेल, कुणी ३ मार्च म्हणेल, तर कुणी ‘अशी तारीखच नाही’ म्हणून प्रोग्राम थांबवेल. पहिलं उत्तर धरलं आणि त्यातून एक महिना वजा केला, तर हाती २८ जानेवारी येते. जितकं मिळवलं तितकंच वजा करूनही आपण निघालो त्या जागी पोहोचत नाही.

हिशेबाच्या साध्या सॉफ्टवेअरमध्ये एवढ्याने फारसं अडत नाही. शंभर वर्षांचं हवामान किंवा भूजलाचा प्रवाह चालवणाऱ्या मॉडेलमध्ये मात्र असा एखादा दिवस घसरला की सूर्याचा कोन, भरती-ओहोटी आणि बाहेरून वाचलेला पाऊस या सगळ्यांचा मेळ बिघडतो. प्रोग्राम कोसळत नाही, आलेख छान गुळगुळीत येतात, आणि चूक महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून काळाची व्यवस्था मॉडेलमध्ये अगदी आधी लावायची असते. भौतिकीची समीकरणं लिहून झाल्यावर शेवटी जोडायची ती गोष्ट नव्हे.

## आधी तीन गोष्टी वेगळ्या ओळखा

बहुतेक गोंधळ ‘वेळ’ या एकाच शब्दात तीन गोष्टी कोंबल्यामुळे होतो. क्षण म्हणजे काळाच्या रेषेवरचा एक बिंदू. अवधी म्हणजे दोन बिंदूंमधलं अंतर. कॅलेंडर म्हणजे त्या बिंदूला नाव देण्याचा नियम. दोन क्षणांची वजाबाकी केली की अवधी मिळतो, क्षणात अवधी मिळवला की नवा क्षण मिळतो. दोन क्षणांची बेरीज मात्र निरर्थक असते, आणि तुमच्या कोडने ती करूच देऊ नये. भाषेत स्वतंत्र प्रकार घडवता येत असतील तर ‘क्षण’ आणि ‘अवधी’ असे दोन प्रकार पहिल्याच दिवशी घडवा.

अवधीतही दोन जाती आहेत. ‘१८०० सेकंद’ कुठेही ठेवला तरी १८०० सेकंदच राहतो. ‘१ महिना’ कुठून सुरू करता त्यावर २८ ते ३१ दिवसांचा होतो. म्हणजे महिना हे लांबीचं माप नव्हे. ‘पुढच्या खांबापर्यंत जा’ अशी ती सूचना आहे, आणि इथले खांब सारख्या अंतरावर रोवलेले नाहीत. पृथ्वी-प्रणाली मॉडेलांची सांधणी करणाऱ्या ईएसएमएफ या फ्रेमवर्कमध्ये अवधीच्या आत वर्षं, महिने आणि सेकंद वेगवेगळे ठेवले जातात, ते याच कारणाने. कॅलेंडर आणि सुरुवातीचा क्षण कळेपर्यंत महिन्यांचे सेकंद करायचेच नाहीत.

## कॅलेंडर निवडा आणि ते लिहून ठेवा

‘कॅलेंडर एकच असतं की’ असं वाटत असेल तर मॉडेलांच्या जगात तुमचं स्वागत आहे. नेटसीडीएफ (आकडेवारी साठवण्याचा एक फाइल-प्रकार) फायलींसाठी हवामानशास्त्रात जी सीएफ संकेतप्रणाली वापरतात, तिच्यात अर्धा डझनाहून अधिक कॅलेंडरं आहेत.

‘प्रोलेप्टिक ग्रेगोरियन’ म्हणजे आजचा लीप वर्षाचा नियम भूतकाळातही अखंड मागे नेलेला. ‘स्टँडर्ड’ हे संमिश्र आहे: त्यात ४ ऑक्टोबर १५८२ पर्यंत ज्युलियन नियम (दर चौथं वर्ष लीप) चालतो आणि दुसऱ्याच दिवशी १५ ऑक्टोबर उजाडतो, मधले दहा दिवस गायब. ‘नो-लीप’मध्ये प्रत्येक वर्ष ३६५ दिवसांचं, २९ फेब्रुवारी कधीच नाही. अमेरिकेतलं सीईएसएम हे मॉडेल सहसा हेच वापरतं. ‘३६०-डे’मध्ये बाराही महिने ३० दिवसांचे. ब्रिटनच्या हॅडली सेंटरच्या हॅडजेम-२-ईएस या मॉडेलने हेच वापरलं, त्यामुळे त्याच्या फायलींत ३० फेब्रुवारी ही तारीख अगदी सुखाने नांदते.

निवड कशी करायची? प्रत्यक्ष निरीक्षणांशी तारीखवार ताडून पाहायचं असेल, म्हणजे पूर, वादळ किंवा उपग्रहाची नोंद, तर प्रोलेप्टिक ग्रेगोरियनच घ्या. आदर्शीकृत प्रयोग असेल, शंभर वर्षं एकाच वर्षाचा ऋतुक्रम फिरवायचा असेल, तर नो-लीप सोयीचं पडतं. ३६०-डे नवीन कामासाठी मी कुणाला सुचवणार नाही. सरासरी काढणं सोपं होतं एवढाच त्याचा फायदा, आणि तो फायदा पुढे इतर आकडेवारीशी जुळवताना दामदुपटीने वसूल होतो. शंभर वर्षांत ३६०-डेचे ३६,००० दिवस होतात, नो-लीपचे ३६,५००, आणि ग्रेगोरियनचे शतकानुसार ३६,५२४ किंवा ३६,५२५.

‘स्टँडर्ड’पासून एका कारणाने जपून राहा. ‘१ जानेवारी, वर्ष १ पासूनचे दिवस’ असा मूळबिंदू ठेवला तर तोच आकडा संमिश्र कॅलेंडरने वाचला काय आणि प्रोलेप्टिकने वाचला काय, आजची तारीख दोन दिवसांनी वेगळी येते, कारण दोन्हींत मूळबिंदूच वेगळा. मूळबिंदू १८५० किंवा १९०० असा १५८२ नंतरचा ठेवला की हा प्रश्न उद्भवत नाही.

निवडलेलं कॅलेंडर कॉन्फिगरेशनमध्ये एकाच ठिकाणी लिहा. कोडमध्ये कुठेही ३६५ किंवा ३० हा आकडा उघडा दिसला तर तो शत्रू समजा. ‘वर्षाचा कितवा भाग उलटला’ हे सूर्याच्या कोनासाठी लागतं. तिथेही भाजक कॅलेंडरला विचारून घ्यायचा.

## आतला काळ पूर्णांकात ठेवा

अपूर्णांकी दिवस किंवा सेकंद फ्लोटिंग पॉइंटमध्ये, म्हणजे संगणकाच्या दशांश-संख्येत, साठवायचा मोह होतो. तो का टाळायचा, याचं एक उदाहरण.

१८५० पासूनचे दिवस सिंगल प्रिसिजनमध्ये (३२ बिटांच्या दशांश-संख्येत) ठेवले आहेत असं समजा. २०२२ च्या सुमारास हा आकडा ६२,८०० च्या आसपास असतो. सिंगल प्रिसिजनमध्ये २४ बिट अर्थपूर्ण असतात, म्हणजे इथे दोन शेजारी संख्यांमधलं अंतर १/२५६ दिवस, अर्थात ३३७.५ सेकंद. साडेपाच मिनिटांहून बारीक वेळ तिथे मावतच नाही. गंमत म्हणजे दर सहा तासांची नोंद तपासली तर सगळं अचूक दिसतं, कारण ०.२५, ०.५ आणि ०.७५ हे अपूर्णांक दोनाच्या घातांत नेमके बसतात. तासागणिक नोंद काढायला लागलं की मग मिनिटं मागेपुढे सरकलेली दिसतात. मी स्वतः या सापळ्यात अडकून दोन दिवस सौर किरणोत्सर्गाच्या कोडमध्ये चूक शोधत बसलो होतो. चूक होती फाइल लिहिणाऱ्या एका ओळीत.

डबल प्रिसिजनने (६४ बिटांनी) बरंच काम भागतं. खगोलशास्त्रात इ.स.पू. ४७१३ पासून मोजला जाणारा ज्युलियन दिवसांक आज २४ लाखांच्या पुढे असतो, तिथे डबलची बारकाई सुमारे ४० मायक्रोसेकंद येते. पण डबलमध्येही ०.१ नेमका मावत नाही. तो दहा वेळा मिळवला तर १ येत नाही, ०.९९९९९९९९९९९९९९९९ येतो. मग ‘वेळ १ झाली का?’ ही तुलना खोटी ठरते आणि त्या पायरीची नोंद निघतच नाही.

म्हणून क्षण दोन पूर्णांकांत ठेवा: मूळबिंदूपासूनचे दिवस, आणि त्या दिवसातले ० ते ८६,३९९ सेकंद. सेकंदाहून बारीक पायरी हवी असेल तर तिसरा पूर्णांक घ्या, ‘एका सेकंदाचे किती ठोके’ हे ठरवून. जीएफडीएल या अमेरिकी हवामान प्रयोगशाळेच्या एफएमएस चौकटीत दिवस, सेकंद आणि ठोके असाच साठा आहे. ईएसएमएफमध्ये सेकंदाचा अपूर्णांक अंश-छेदाने ठेवतात, म्हणजे १/३ सेकंद खरोखरच १/३ राहतो. नुसते सेकंद मोजायचे असतील तर ६४ बिटांचा पूर्णांक घ्या. ३२ बिटांत २,१४,७४,८३,६४७ सेकंद मावतात, म्हणजे जेमतेम ६८ वर्षं.

पूर्णांक घेतला म्हणजे सुटलो, असंही नाही. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियात दाहरानला पेट्रियट या क्षेपणास्त्ररोधी यंत्रणेला येणारं क्षेपणास्त्र अडवता आलं नाही आणि २८ सैनिक मारले गेले. त्या यंत्रणेतलं घड्याळ सेकंदाचे दहावे भाग पूर्णांकातच मोजत होतं. पण सेकंद काढताना त्याला ज्या ०.१ ने गुणलं जाई तो २४ बिटांत छाटलेला होता. सुमारे १०० तास सलग चालल्यावर वेळ ०.३४ सेकंदाने चुकली. तेव्हा मोजणी पूर्णांकात ठेवा, आणि दशांशात जाल तेव्हा अगदी शेवटी, एकदाच, भागाकार करून जा.

## तारीख ते दिवसांक

तारखांची लायब्ररी (तयार कोडचा संच) हाताशी असेल तर हे स्वतः लिहू नका. तरी आत काय चालतं ते माहीत असलेलं बरं, कारण फोरट्रानच्या जुन्या कोडमध्ये ते हाताने लिहिलेलं हमखास भेटतं.

युक्ती अशी की वर्ष मार्चपासून सुरू करायचं. जानेवारी आणि फेब्रुवारी आदल्या वर्षात ढकलले की लीप दिवस वर्षाच्या अगदी शेवटी जातो आणि मधे लुडबुड करत नाही. मार्च ०, एप्रिल १, असं करत फेब्रुवारी ११. मार्च ते जुलै हे पाच महिने मिळून १५३ दिवस, ऑगस्ट ते डिसेंबरही १५३. त्यामुळे महिन्याच्या आधीचे दिवस (१५३ × महिना + २) ÷ ५ या सूत्राने निघतात, बाकी टाकून द्यायची. एप्रिलसाठी १५५ ÷ ५ म्हणजे ३१, बरोबर.

वर्षांसाठी ४०० चा गट घ्या. ग्रेगोरियन नियमात ४०० वर्षांचे नेमके १,४६,०९७ दिवस होतात. गटातल्या उरलेल्या वर्षांचे दिवस: ३६५ × वर्षं + वर्षं ÷ ४ − वर्षं ÷ १००, दोन्ही भागाकार पूर्णांकी.

१ जानेवारी २००० घेऊन पाहू. मार्च-वर्ष १९९९, म्हणजे ४ पूर्ण गट आणि ३९९ वर्षं. गटांचे ५,८४,३८८ दिवस. वर्षांचे १,४५,६३५ + ९९ − ३ = १,४५,७३१. जानेवारी हा क्रमांक १०, त्याच्या आधीचे १,५३२ ÷ ५ = ३०६. महिन्याची पहिली तारीख, म्हणून आणखी काही मिळवायचं नाही. एकूण ७,३०,४२५. युनिक्सच्या मूळबिंदूचा, म्हणजे १ जानेवारी १९७० चा, दिवसांक याच रीतीने ७,१९,४६८ येतो. फरक १०,९५७. तीस वर्षांचे १०,९५० आणि १९७२ ते १९९६ मधले सात लीप दिवस, हिशेब जुळला.

ऋण वर्षांत एक खड्डा आहे. −१ ÷ ४०० याचं पूर्णांकी उत्तर पायथॉनमध्ये −१ येतं, तर सी आणि फोरट्रानमध्ये ०. पुराहवामानाच्या, म्हणजे प्राचीन हवामानाच्या, रनमध्ये वर्ष शून्याच्या मागे जाताच तारखा वेड्यावाकड्या होतात त्या इथे.

## टाइम स्टेप आणि अलार्म

मॉडेलचं घड्याळ पुढे नेताना ‘आताची वेळ + पायरी’ असं पुन्हा पुन्हा मिळवत जाण्यापेक्षा पायऱ्यांचा गणक ठेवा आणि वेळ ‘सुरुवात + गणक × पायरी’ अशी काढा. म्हणजे चूक साठत नाही, आणि पंधरा हजाराव्या पायरीची वेळ थेट विचारता येते.

पायरी शक्यतो ८६,४०० ला निःशेष भागणारी घ्या. १,८०० सेकंदांची पायरी दिवसात ४८ वेळा बसते. ७ मिनिटांची बसत नाही: दिवसाच्या २०५ पायऱ्या होऊन ३०० सेकंद उरतात, आणि मध्यरात्र सात दिवसांतून एकदाच पायरीवर पडते. अशा वेळी ‘वेळ ००:०० झाली का?’ असं विचारून दैनिक नोंद लिहिणारा कोड बाकीचे सहा दिवस गप्प बसून राहतो.

यावर उपाय म्हणजे अलार्म. प्रत्येक नियमित कामासाठी ‘पुढे कधी वाजायचं’ तो क्षण आधीच काढून ठेवा आणि दर पायरीला ‘आताचा क्षण त्याच्याइतका किंवा त्याच्यापुढे गेला का?’ एवढंच तपासा. बरोबरीची तुलना नको, ‘इतका किंवा पुढे’ हवी. वाजला की पुढचा क्षण काढा, आणि तो आताच्या वेळेपासून न काढता अलार्मच्या आधीच्या नियोजित क्षणापासून काढा, नाहीतर उशीर साठत जातो.

मासिक अलार्मला आणखी एक नियम लागतो. सुरुवात ३१ जानेवारी असेल आणि दर वेळी मागच्या तारखेत एक महिना मिळवत गेलात, तर २८ फेब्रुवारी, २८ मार्च, २८ एप्रिल अशी तारीख कायमची खाली घसरते. मूळ तारखेत ‘क × १ महिना’ (क म्हणजे कितव्यांदा वाजतोय तो आकडा) एकदाच मिळवा, म्हणजे मार्चमध्ये परत ३१ येते. त्याहून सोपं म्हणजे मासिक कामं नेहमी १ तारखेच्या मध्यरात्रीवर लावा. १ तारीख प्रत्येक महिन्यात असते.

## सरासरीची कडा

दैनिक किंवा मासिक सरासरीत सर्वाधिक आढळणारी चूक एका पायरीची असते. जानेवारीची शेवटची पायरी संपते तेव्हा घड्याळ १ फेब्रुवारी ००:०० दाखवतं. त्या क्षणाच्या तारखेवरून महिना ठरवलात की जानेवारीचा शेवटचा अर्धा तास फेब्रुवारीच्या खात्यात पडतो, किंवा अख्ख्या जानेवारीच्या सरासरीवर ‘फेब्रुवारी’ अशी चिठ्ठी लागते. प्रत्येक कालखंड सुरुवात धरून आणि शेवट सोडून मोजा, आणि पायरीची मालकी तिच्या सुरुवातीच्या क्षणावरून ठरवा. फाइलमध्ये सरासरीसोबत दोन्ही कडा लिहाच. सीएफमध्ये त्यासाठी ‘बाउंड्स’ची सोय आहे.

वार्षिक सरासरी काढताना बारा महिन्यांची सरळ सरासरी घेऊ नका, दिवसांचं वजन द्या. नो-लीप वर्षात फेब्रुवारीचा खरा वाटा २८/३६५, म्हणजे ७.६७ टक्के, सरळ सरासरीत तो ८.३३ टक्के होतो. तापमानात हा फरक लहान दिसेल, पण तो दर वर्षी एकाच दिशेला असतो, आणि ऊर्जेचा ताळेबंद मांडताना नेमका आडवा येतो.

## रीस्टार्ट

थांबलेला रन तिथूनच पुढे चालू करण्यासाठी जी रीस्टार्ट फाइल लिहितात, तिच्यात तारखेची अक्षरं न लिहिता दिवस-सेकंदांचे पूर्णांक, पायऱ्यांचा गणक, कॅलेंडरचं नाव आणि प्रत्येक अलार्मचा पुढचा क्षण लिहा. अर्धवट सरासरीच्या बेरजाही विसरू नका. वाचताना कॅलेंडरचं नाव कॉन्फिगरेशनशी जुळलं नाही तर रन तिथेच थांबवा.

## फाइल लिहिताना आणि दुसऱ्याची वाचताना

फाइलमधला काळ ‘अमुक क्षणापासूनचे दिवस’ किंवा ‘तास’ असा लिहा. ‘अमुक क्षणापासूनचे महिने’ असं एकक कधीही वापरू नका. एककांच्या युडीयुनिट्स लायब्ररीत वर्षाची व्याख्या ३६५.२४२१९८७८१ दिवस अशी आहे आणि महिना त्याचा बारावा हिस्सा, म्हणजे सुमारे ३०.४४ दिवस. त्या हिशेबाने १ जानेवारीपासून ‘एक महिना’ म्हणजे ३१ जानेवारी, सकाळचे १० वाजून २९ मिनिटं.

पायथॉनमध्ये वाचताना भाषेतला नेहमीचा तारखेचा प्रकार ३० फेब्रुवारी स्वीकारत नाही. तिथे सीएफटाइम ही लायब्ररी लागते. पांडाज या लायब्ररीची नॅनोसेकंदांतली वेळ १६७७ ते २२६२ एवढ्याच टप्प्यात चालते, त्यामुळे हजार वर्षांच्या रनला ती पुरत नाही.

दोन कॅलेंडरांतल्या मालिका ताडायच्या असतील तर दिवसाला दिवस जोडण्याचा हट्ट सोडा. तारखेने जोडलं तर ३६०-डेमधली ३० फेब्रुवारी टाकून द्यावी लागते आणि ३१ तारखा रिकाम्या राहतात. वर्ष ताणून जोडलं तर मधेमधे दिवस नुसते घुसवावे लागतात, आणि अतिवृष्टीच्या दिवसांची मोजणी फसते. दोन्ही बाजूंची मासिक आकडेवारी आपापल्या कॅलेंडरमध्ये काढा आणि मग ती शेजारी ठेवा.

## लीप सेकंद

हवामानाच्या मॉडेलने दिवस ८६,४०० सेकंदांचाच धरावा आणि सगळी वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, ठेवावी. स्थानिक वेळ आणि उन्हाळी वेळ फक्त आलेखावर दाखवायची. उपग्रहाची कक्षा काढत असाल तर मात्र लीप सेकंद, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याशी मेळ राखायला यूटीसीत अधूनमधून घातलेले जादा सेकंद, टाळता येत नाहीत. १९७२ पासून असे २७ सेकंद घातले गेले, शेवटचा २०१६ च्या अखेरीस. १९८० पासून मोजणाऱ्या जीपीएसच्या घड्याळात ते घालत नाहीत, म्हणून ते आज यूटीसीच्या १८ सेकंद पुढे आहे. सेकंदाला साडेसात किलोमीटर वेगाने जाणारा उपग्रह तेवढ्या वेळात १३५ किलोमीटर सरकतो. अशा ठिकाणी आतला काळ टीएआय (अणुघड्याळांची अखंड वेळ) किंवा जीपीएसमध्ये ठेवा आणि यूटीसी फक्त वाचताना-लिहिताना काढा.

## चाचण्या

सलग ४०० वर्षांचा प्रत्येक दिवस घ्या, दिवसांक काढा, परत तारीख करा, मूळ तारीख आली का पाहा. १,४६,०९७ फेऱ्या डोळ्याचं पातं लवण्याआधी होतात. ही संख्या ७ ने निःशेष भागते, त्यामुळे ४०० वर्षांनी तोच वार आला पाहिजे, ही दुसरी तपासणी फुकटात मिळते. मग खास तारखा: २८ फेब्रुवारी १९०० च्या दुसऱ्या दिवशी १ मार्च, २००० मध्ये मात्र २९ फेब्रुवारी, २१०० मध्ये परत नाही. ऋण वर्षांसाठी वर्ष ० आणि −१ दोन्ही चालवून पाहा.

सगळ्यांत कडक चाचणी रीस्टार्टची. २० दिवसांचा एक सलग रन करा, आणि साधारण १० अधिक १० असा तुकड्यांतला दुसरा. शेवटच्या फायली बिट-बिट सारख्या यायला हव्यात. सुरुवात मुद्दाम २० फेब्रुवारीला ठेवा, वर्ष लीप घ्या, आणि तुकडा मध्यरात्री न तोडता भलत्याच वेळी तोडा, म्हणजे सरासरी अर्धवट भरलेली असताना. पहिल्याच फटक्यात ही चाचणी पार करणारं मॉडेल मी अजून पाहिलेलं नाही, माझं स्वतःचं धरून.